आवाज उतरणीला लागल्यावर: पोलिन व्हियार्दोच्या कारकिर्दीचा अभ्यास

एप्रिल १८६३ मध्ये पॅरिसच्या 'तेआत्र लिरिक' या नाट्यगृहात पोलिन व्हियार्दो या गायिकेनं ग्लुक या संगीतकाराच्या ऑपेरातला, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकातला, ऑर्फेउस गाऊन पॅरिसच्या रंगमंचाचा निरोप घेतला. तिची ४२ वर्षंही अजून पूर्ण व्हायची होती. साडेतीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, याच भूमिकेनं तिला आयुष्यातलं सर्वांत मोठं यश दिलं होतं. त्या प्रयोगांनी शंभरी ओलांडली आणि युरोपभरचे रसिक मुद्दाम ते ऐकायला पॅरिसला आले. एवढं सगळं असताना तिनं बिऱ्हाड हलवलं, जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला घर केलं आणि मुख्यतः शिकवायला सुरुवात केली.

त्यानंतर ती ४७ वर्षं जगली. लंडनमधल्या १८३९ च्या पदार्पणापासून मोजलं तर तिची रंगमंचावरची कारकीर्द २४ वर्षांची. शिकवणं जवळपास त्याच्या दुप्पट काळ चाललं. असं असूनही तिच्यावरच्या लेखनात शिकवण्याला शेवटचा एखादा परिच्छेद मिळतो आणि बाकीची जागा रशियन लेखक तुर्गेन्येव्हचं तिच्यावरचं प्रेम, संगीतकार शोपँची मैत्री आणि पॅरिसमधल्या तिच्या घरच्या मैफली व्यापून टाकतात.

गायिका शिकवायला लागली की 'आता गळा चालत नसेल' असं लोक बोलतात. पोलिनच्या बाबतीत ते खरंही होतं. वरचे सूर कठीण होऊ लागले होते, आवाजाचा पोत विरत चालला होता आणि हे जाणकारांच्या लक्षात आलं होतं. पण तिचं शिकवणं म्हणजे गाणं संपल्यावर शोधलेली सोय होती, असं मला वाटत नाही. तिचा आवाज लवकर झिजायला जे कारण झालं, तेच कारण तिच्यातल्या मोठ्या शिक्षिकेच्याही मुळाशी आहे. हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटलं ते त्यासाठीच.

गार्सिया घराणं

तिचे वडील मानुएल गार्सिया हे स्पेनमधून आलेले टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचे गायक. संगीतकार रोसिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी' या ऑपेराचा पहिला प्रयोग १८१६ मध्ये रोमला झाला, तेव्हा काउंट अल्माव्हिव्हा त्यांनीच गायला होता. १८२५ मध्ये ते सगळं कुटुंब आणि मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि त्या शहराला त्यांनी पहिल्यांदा इटालियन ऑपेरा ऐकवला. मोठी मुलगी मारिया आणि मुलगा मानुएल हे दोघंही त्या मंडळीत गात होते. १८२१ मध्ये पॅरिसला जन्मलेली पोलिन तेव्हा चार वर्षांची होती. तिथून मंडळी मेक्सिकोला गेली आणि परतताना व्हेराक्रुझच्या वाटेवर दरोडेखोरांनी सगळी कमाई लुटली. पॅरिसला आल्यावर वडिलांनी शिकवण्यावर भर दिला आणि लहानगी पोलिन त्या शिकवण्यांना पियानोवर साथ करू लागली.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. स्वतः गाणं शिकण्याआधीच ती दुसऱ्यांना शिकताना ऐकत होती, तेही वाद्यापाशी बसून, म्हणजे लक्ष देऊन. कोणता विद्यार्थी कुठल्या सुरावर अडतो, वडील तिथं काय सांगतात, सांगितल्यावर आवाजात काय फरक पडतो, हे सगळं तिच्या कानावरून रोज जात होतं.

वडील १८३२ मध्ये गेले. तिला खरी ओढ पियानोची होती. नामवंत पियानोवादक लिस्टकडे ती पियानो शिकली आणि आंतोन रायखाकडे संगीतरचना. पण मारिया, म्हणजे त्या काळी युरोप जिच्या गाण्यानं वेडा झाला होता ती मारिया मालिब्रान, सप्टेंबर १८३६ मध्ये मँचेस्टरला अवघ्या २८ व्या वर्षी वारली. पोलिन १५ वर्षांची होती. आता तू गायचंस, असं आईनं सांगितलं. पुढची तालीमही आईकडेच झाली. त्या, होआकिना सिचेस, स्वतः गायिका होत्या.

भाऊ मानुएलची गोष्ट इथं सांगायलाच हवी. त्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्याच्यावर झेपेना इतका गाण्याचा भार पडला आणि त्याचा आवाज गेला. त्यानं रंगमंच कायमचा सोडला आणि गळा चालतो कसा हाच आयुष्याचा विषय केला. १८४१ मध्ये गायिका येनी लिंड त्याच्याकडे आली तेव्हा तिचा आवाज पार थकलेला होता. त्यानं आधी तिला विश्रांती घ्यायला लावली आणि मगच शिकवलं. १८५४ मध्ये त्यानं छोटा आरसा घशात धरून आणि सूर्यप्रकाश परावर्तित करून स्वतःच्या गळ्यातल्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. ती निरीक्षणं पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं मांडली गेली. पुढं घशाच्या डॉक्टरांचं सगळं शास्त्र या तंत्राच्या आधारानं वाढलं, पण त्याची सुरुवात गाण्याच्या एका मास्तरानं केली होती. तो १०१ वर्षं जगला.

या घरात गाणं आणि शिकवणं या वेगळ्या पायऱ्या नव्हत्याच. वडील, आई, भाऊ सगळे दोन्ही करत होते आणि आवाज गेला तर काय होतं हे सगळ्यांनी घरातच पाहिलं होतं.

हातानं घडवलेला गळा

पोलिनचा आवाज जन्मजात गोड नव्हता. तो कडू संत्र्याच्या चवीसारखा होता, शोकनाट्यासाठीच घडलेला होता, असं संगीतकार सें-सान्सनं लिहून ठेवलं आहे. त्याला मखमल नव्हती आणि स्फटिकाची स्वच्छताही नव्हती, पण एकदा ऐकला की विसरता येत नसे. पल्ला जवळजवळ तीन सप्तकांचा सांगतात. मात्र तो सलग नव्हता. खालचा भाग एका रंगाचा, मधला दुसऱ्या आणि वरचा तिसऱ्याच, आणि हे सांधे तिनं मेहनतीनं जुळवले होते.

हा सांधा म्हणजे नेमकं काय, हे थोडं समजून घेऊ. खालच्या सुरांत स्वरतंतू जाड राहून पूर्ण जाडीनं एकमेकांवर येतात. याला छातीचा आवाज म्हणायची रीत आहे, कारण त्याची थरथर छातीत जाणवते. सूर वर जातो तसे तंतू ताणले जातात, पातळ होतात आणि कडेकडेनंच मिळतात. तो डोक्याचा आवाज. एकातून दुसऱ्यात जाताना गळ्यातले स्नायू आपला समतोल बदलतात. तो बदल सावकाश आणि न कळत झाला तर आवाज एकसंध वाटतो. छातीचा आवाज जोर लावून वर ओढला तर तो काही काळ जबरदस्त परिणाम करतो आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून जातं. त्याची किंमत मात्र तंतू मोजतात, आणि ती लगेच दिसत नाही, वर्षांनी दिसते. त्या काळात मायक्रोफोन नव्हता, तो आजही ऑपेरात वापरत नाहीत. शिवाय मायरबेअर आणि व्हेर्दी या ऑपेराकारांच्या पिढीत वाद्यवृंद वाढत चालला होता. त्या सगळ्याच्या वरून एकट्या गळ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं.

आता तिनं काय काय गायलं ते पाहा. पदार्पण रोसिनीच्या 'ओथेल्लो'मधली देस्देमोना. १८४३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'सेव्हिलचा न्हावी'मधली रोझिना, तिथंच तुर्गेन्येव्हनं तिला पहिल्यांदा ऐकलं. मग बेल्लिनीच्या अमिना आणि नॉर्मा, म्हणजे लखलखत्या तानांच्या सोप्रानो (सर्वांत उंच स्त्रीआवाजाच्या) भूमिका. १८४९ मध्ये मायरबेअरच्या 'ल प्रोफेत'मधली म्हातारी आई फिदेस, जी त्यानं तिच्याच गळ्यासाठी लिहिली. तिच्यात खर्जातला विलापही आहे आणि तारसप्तकापर्यंतच्या झेपाही. १८५५ मध्ये लंडनमधल्या पहिल्या 'इल त्रोव्हातोरे'त आझुचेना. १८५९ मध्ये डब्लिनला लेडी मॅक्बेथ. त्याच वर्षाअखेर ऑर्फेउस, म्हणजे कॉन्ट्राल्टोचं, सर्वांत खालच्या स्त्रीआवाजाचं, गाणं. बर्लिनमध्ये एकदा 'रोबेर ल दियाब्ल'च्या प्रयोगाला दुसरी गायिका आजारी पडली, तेव्हा तिनं त्या ऑपेरातल्या दोन्ही नायिका एकाच रात्री गायल्या, अशी हकिगत आहे.

एका माणसानं हे सगळं गाणं ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण गाण्याचा कुठलाही जबाबदार शिक्षक ही यादी वाचून अस्वस्थ होईल. सोप्रानोच्या भूमिका पेलायच्या म्हणून आवाज वर राखायचा, लगेच पुढच्या महिन्यात खालच्या भूमिकेसाठी तो भरदार करायचा, आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं. नैसर्गिक आवाज ज्या पट्ट्यात आरामात राहतो त्याच्या दोन्ही टोकांना ती सतत राहिली. 'मी सगळंच गाऊ पाहिलं आणि आवाज बिघडवला, तू तसं करू नकोस' अशा अर्थाचं तिनं पुढं एका विद्यार्थिनीला सांगितल्याची नोंद आहे. या एका वाक्याभोवती तिच्या शिकवण्याचा मोठा भाग उभा आहे.

एकच चाल, तीन वेळा

ऑर्फेउसकडे थोडं बारकाईनं पाहायला हवं, कारण १८५९ मध्येच तिच्यातली शिक्षिका रंगमंचावर दिसू लागली होती. ग्लुकनं हा ऑपेरा १७६२ मध्ये व्हिएन्नात एका कास्त्रातो, म्हणजे लहानपणी खच्ची केल्यानं आवाज उंच राहिलेल्या, गायकासाठी लिहिला आणि १७७४ मध्ये पॅरिससाठी उंच पट्टीच्या टेनरला बेतून बदलला. पॅरिसच्या आवृत्तीचं नाट्य राखून भूमिका खालच्या पट्टीच्या स्त्रीआवाजात बसवायचं काम संगीतकार बर्लिओझनं केलं, ते पोलिनला डोळ्यांपुढं ठेवूनच. पहिल्या अंकाच्या शेवटच्या गाण्यातली तानांची जागा बर्लिओझ, सें-सान्स आणि पोलिन अशा तिघांनी मिळून बांधली होती.

सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं पुढं येतं, ते ऑर्फेउसची बायको युरिदिसे दुसऱ्यांदा मेल्यावर. त्याची चाल साधी आहे, इतकी की ती दुःखाची कशी, असा प्रश्न लोकांनी वेळोवेळी विचारला आहे. त्याचा मुखडा तीनदा येतो आणि सूर दर वेळी तेच असतात. पोलिननं ते कसे गायले याचं वर्णन बर्लिओझनं करून ठेवलंय. पहिल्यांदा आवरून धरलेलं दुःख, संथ लयीत. मधल्या कडव्यानंतर दुसऱ्यांदा अगदी दबक्या, जेमतेम ऐकू येईल अशा कापऱ्या आवाजात, जणू रडण्यानं गळा दाटून आलाय. तिसऱ्यांदा लय वाढवून, प्रेतापाशी टेकलेले गुडघे उचलून, वेड लागल्यासारखी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला धाव घेत, आक्रोश करत.

यात गळ्याच्या नुसत्या ताकदीचं काम फार थोडं आहे. वरचा कुठलाही अवघड सूर या चालीत नाही. लय, आवाजाची मात्रा, शब्दावरचा भार, श्वास कुठं घ्यायचा आणि कुठं मुद्दाम लांबवायचा एवढ्यावर सगळं उभं आहे. आवाजाचा वरचा भाग हातचा जात असताना तिनं आपली सगळी बुद्धी या चार-पाच गोष्टींत ओतली. आणि या गोष्टी नेमक्या शिकवता येण्यासारख्या आहेत. गळ्याची नैसर्गिक चमक शिकवता येत नाही. तिच्याकडे ती मुळातच कमी होती, म्हणून जे होतं ते सारं तिनं कळून-सवरून मिळवलेलं होतं आणि दुसऱ्याला समजावून सांगता येण्याजोगं होतं. ज्या गायिकेला सगळं जन्मतः मिळतं तिला बऱ्याचदा आपण काय करतो हे सांगताच येत नाही.

याच सुमारास, पॅरिस सोडण्याच्या आसपास, तिनं जुन्या संगीतकारांच्या निवडक गाण्यांची एक मालिका 'एकोल क्लासिक द्यू शां' या नावानं प्रसिद्ध करायला घेतली. प्रत्येक गाण्यात श्वासाच्या जागा, शब्दांचे आघात, कुठं हलकं व्हायचं आणि कुठं भरायचं, याच्या तिनं खुणा केल्या. निरोपाचा प्रयोग होण्याआधीच शिकवण्याची तयारी चालू होती, याचा हा पुरावा मी मानतो.

बाडेन-बाडेनला जाण्याचा निर्णय

या निर्णयामागं आवाज हे एकच कारण नव्हतं. नवरा लुई व्हियार्दो हा कट्टर प्रजासत्ताकवादी होता, तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत त्याचा जीव रमत नव्हता. चार मुलं होती, धाकटा पोल सहा वर्षांचाही नव्हता. आणि पॅरिसमधले समीक्षक तिच्या दर सुराचा हिशोब ठेवू लागले होते. 'ले त्रोयां' या आपल्या महाऑपेरासाठी तिचा विचार केलेल्या बर्लिओझनंही नोव्हेंबर १८६३ मध्ये त्यातला कार्थेजचा भाग रंगमंचावर आला तेव्हा दिदोची भूमिका दुसऱ्या गायिकेकडून करून घेतली.

तिनं गाणं मात्र टाकलं नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. जर्मन रंगमंचावर ती अधूनमधून गात राहिली. मार्च १८७० मध्ये येना इथं संगीतकार ब्राम्सच्या 'आल्टो ऱ्हाप्सोडी'चा पहिला जाहीर प्रयोग तिच्या आवाजात झाला. १८७३ मध्ये मासनेच्या 'मारी-मादलेन'मधली मुख्य भूमिका तिनं पॅरिसला गायली, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. काय गायचं आणि किती, हे ठरवण्याचा हक्क तिनं परत मिळवला होता. नाट्यगृहाच्या करारात तो नसतो. शिकवण्याच्या मिळकतीमुळे तो मिळाला, असंही म्हणता येईल.

बाडेन-बाडेनच्या बंगल्याच्या बागेत तिनं एक छोटं सभागृह बांधलं आणि पॅरिसहून आपला काव्हाये-कॉल बनावटीचा ऑर्गन आणून तिथं बसवला. वेगवेगळ्या देशांतून मुली शिकायला येऊ लागल्या. पियानोवादक क्लारा शूमानचं घर त्याच गावात होतं. तुर्गेन्येव्हनं शेजारी जागा घेतली. प्रशियाचे राजा-राणी उन्हाळ्यात येत, ते घरच्या प्रयोगांना हजेरी लावत.

या घरच्या प्रयोगांत मला तिच्या शिकवण्याचं खरं मर्म दिसतं. १८६७ पासून तिनं छोट्या संगीतिका रचायला घेतल्या. शब्द तुर्गेन्येव्हचे, फ्रेंचमध्ये. 'ल देर्निये सोर्सिये', म्हणजे शेवटचा जादूगार, ही त्यातली सर्वांत गाजलेली. गाणाऱ्या तिच्या विद्यार्थिनी आणि तिची मुलं, तुर्गेन्येव्ह स्वतः रंगमंचावर, आणि वाद्यवृंदाच्या जागी पियानोवर पोलिन. क्लारानं हे पाहून ब्राम्सला लिहिलेल्या पत्रात किती कौतुक केलं आहे! विद्यार्थिनींकडून तिनं किती नेटकं बसवून घेतलंय, पियानोच्या साथीतसुद्धा सगळी वाद्यं कानाला कशी ऐकू येतात, आणि इतकी प्रतिभावान स्त्री आपण आजवर पाहिली नाही, असा तो सूर आहे. पुढं १८६९ मध्ये वाद्यवृंदासह हीच संगीतिका वायमारच्या दरबारी नाट्यगृहात झाली.

ऑपेराच्या विद्यार्थ्यांची सगळ्यांत मोठी अडचण आजही तीच आहे. खोलीत सूर लागतो आणि रंगमंचावर चालताना, दुसऱ्याकडे पाहताना, पायऱ्या उतरताना तो निसटतो. श्वास उथळ होतो, मान ताठते आणि गळा आवळला जातो. खोलीतल्या कितीही रियाजानं हे सुटत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष रंगमंच लागतो, आणि कोवळ्या आवाजाच्या मुलीला मोठ्या नाट्यगृहात मायरबेअर गायला लावणं म्हणजे तिचा गळा मारणं. पोलिननं यावर उपाय काढला तो असा: मुलींच्या गळ्याला झेपेल असंच संगीत स्वतः लिहायचं, रंगमंच लहान ठेवायचा, साथ पियानोची, म्हणजे आवाज रेटावा लागणार नाही, पण अभिनय, हालचाल, प्रेक्षक सगळं खरं. कुणाला कुठल्या सुरावर अडचण येते हे तिला माहीत होतं, कारण शिकवत तीच होती. रचनाकार, शिक्षिका आणि साथीदार एकच असल्यावर हे शक्य झालं. घरगुती करमणूक म्हणून या संगीतिकांची बोळवण केली जाते तेव्हा मला वाईट वाटतं.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानं हे सगळं मोडलं. व्हियार्दो कुटुंब लंडनला गेलं आणि तिथं शिकवण्या हाच आधार झाला. पुढच्या वर्षी पॅरिसला परत आल्यावर ती कॉन्सर्व्हातवारमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, गायनाची प्राध्यापक झाली, आणि १८७५ मध्ये तिनं ती जागा सोडली. तिथल्या वर्गांवर वर्षाअखेरच्या स्पर्धात्मक परीक्षेचं सावट असे. एकेका गळ्याच्या कलानं जाणाऱ्या शिक्षिकेला ती चौकट मानवली नसावी, असा माझा कयास आहे. घरच्या शिकवण्या मात्र अखेरपर्यंत चालल्या.

विद्यार्थिनी

तिच्या यशाचं माप कसं घ्यायचं? इथं मला एक तुलना करावीशी वाटते. भाऊ मानुएलची शिष्या मातिल्द मार्केझी हिनं पॅरिसमध्ये शाळा चालवली आणि नेली मेल्बा, एम्मा कॅल्व्हे, एम्मा ईम्स अशी नावं घडवली. नुसती प्रसिद्धी मोजायची तर मार्केझी पुढं आहे, यात वाद नाही. पोलिनकडं येणाऱ्यांत हौशी श्रीमंत घरच्या मुलीही होत्या, तिच्या नावाच्या वलयापायी आलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी पुढं गायल्या नाहीत.

पण ज्या गायल्या त्या एकमेकींसारख्या नाहीत. देझिरे आर्तो १८५० च्या दशकातच तिच्याकडं शिकली, म्हणजे पोलिन अजून रंगमंचावर असताना. ती मेझो (मधल्या पट्टीच्या स्त्रीआवाजाची गायिका) म्हणून आली आणि पुढं सोप्रानोकडं वळली. रशियन संगीतकार चायकोव्स्की तिच्याशी लग्न करायला निघाला होता, ती हीच. आग्लाया ओर्गेनीनं १८६५ मध्ये बर्लिनला अमिना गाऊन पदार्पण केलं, हलक्या तानांचा आवाज. मारिआने ब्रांट याच्या अगदी उलट, खोल आणि भारदस्त गळ्याची. ती बायरॉइटला १८८२ मध्ये, म्हणजे वाग्नरच्या 'पार्सिफाल' या ऑपेराच्या पहिल्याच वर्षी, त्यातली कुंड्री आळीपाळीनं गाणाऱ्या तिघींपैकी एक होती.

एकाच शिक्षिकेकडून अमिना आणि कुंड्री निघतात, यात तिनं आपल्या अनुभवाचं काय केलं ते कळतं. स्वतः तिनं ही दोन्ही टोकं एकाच गळ्यात कोंबली होती. विद्यार्थिनींत तिनं ती वाटून दिली, जिचा गळा जिथला तिला तिथंच ठेवून. माझ्या मते तिच्या शिकवणीचं हे सगळ्यात मोठं फळ आहे आणि मार्केझीच्या प्रसिद्ध नावांच्या यादीपुढं ते मुळीच फिकं पडत नाही.

ओर्गेनीनं पुढं हीच वाट धरली. रंगमंचानंतर १८८६ पासून ती ड्रेस्डेनच्या कॉन्सर्व्हेटरीत शिकवू लागली. अमेरिकन गायिका एडिथ वॉकर तिच्याच हाताखाली तयार झाली.

तंत्राबाबत तिची सावधगिरी 'यून अर दे'त्यूद', अर्थात 'एक तासाचा अभ्यास', या तिच्या स्त्रीआवाजासाठीच्या व्यायामसंग्रहात दिसते. १८८० च्या आसपास तो निघाला. रोजचा रियाज तासाभरात बांधून टाकलेला आहे. सहा-सहा तास गळा घासणाऱ्या उत्साही विद्यार्थ्यांना हे पटत नाही, पण स्वरतंतू हा स्नायू आणि नाजूक आवरण यांचा बनलेला अवयव आहे, त्याला सूज येते आणि ती उतरायला वेळ लागतो. उरलेला वेळ शब्द वाचायला, पियानोवर साथ समजून घ्यायला, भूमिकेचा विचार करायला. तिची स्वतःची घडण पियानो आणि रचना यांतून झालेली, त्यामुळे गळा बंद ठेवूनही गाण्याचा अभ्यास होतो हे तिला आतून ठाऊक होतं.

काही त्रुटी, आणि शेवटची वर्षं

हे प्रकरण सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणणार नाही. तिच्यापाशी नाव होतं, नवऱ्याची साथ होती, घरात ऑर्गन ठेवण्याइतपत पैसा होता. मोझार्टच्या 'डॉन जिओव्हान्नी'चं मूळ हस्तलिखित तिनं १८५५ मध्ये आपले दागिने विकून घेतलं होतं आणि १८९२ मध्ये ते कॉन्सर्व्हातवारला देऊन टाकलं. असं करू शकणारी शिक्षिका विरळाच. घरात तुर्गेन्येव्हसारखा लेखक शब्द लिहायला हजर, हेही रोज घडत नाही. छोट्या गावात दोन विद्यार्थ्यांवर घर चालवणाऱ्या आजच्या गायिकेला बाडेन-बाडेनचा नमुना उचलता येणार नाही.

दुसरी त्रुटी पुराव्याची. तिच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. गायिका अदेलिना पात्तीनं १९०५ मध्ये, साठी ओलांडल्यावर, तबकड्या भरल्या. पोलिन १९१० पर्यंत हयात होती, पण तिच्या आवाजातलं काही मागं उरलं नाही. तिच्या गळ्याबद्दल जे काही म्हणायचं ते बर्लिओझ, सें-सान्स, क्लारा यांच्या शब्दांवर विसंबून. शिकवण्याचं तसं नाही. खुणा केलेली गाणी छापलेली आहेत, व्यायाम छापलेले आहेत, संगीतिका उपलब्ध आहेत. ज्याला शंका असेल त्यानं ती उघडून गाऊन पाहावीत.

एक प्रसंग मात्र वगळवत नाही. सें-सान्सनं 'सामसों ए दालिला' हा आपला ऑपेरा तिला अर्पण केला. १८७४ मध्ये क्रुआसीला एका खासगी प्रयोगात तिनं दालिलाचा दुसरा अंक गायला, पियानोवर स्वतः सें-सान्स, श्रोत्यांत पॅरिस ऑपेराचे संचालक. त्यांनी ऑपेरा स्वीकारावा म्हणून हा सगळा खटाटोप. तो घेतला गेला नाही आणि शेवटी १८७७ मध्ये वायमारला जर्मनमध्ये रंगमंचावर आला. पोलिननं ती भूमिका स्वतःसाठी मागितली नाही. रंगमंचावर ती पेलणार नाही हे जाणून, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात ती जावी म्हणून ती गायली.

१८८३ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं लुई आणि तुर्गेन्येव्ह दोघंही गेले. तिच्या शिकवण्या चालूच राहिल्या. एप्रिल १९०४ मध्ये, ८२ व्या वर्षी, तिनं आपल्या पॅरिसच्या घरी 'सांद्रियों', म्हणजे सिंड्रेलाची गोष्ट, ही तीन अंकांची संगीतिका सादर केली. सात भूमिका, वाद्यवृंद नाही, फक्त पियानो. शब्द आणि संगीत दोन्ही तिचंच. बाडेन-बाडेनला सदतीस वर्षांपूर्वी काढलेला उपायच तिनं पुन्हा वापरला होता: मुलींच्या गळ्याला सोसेल एवढंच मागायचं, पण रंगमंच पुरता द्यायचा. आज संगीतशाळा आणि विद्यापीठांतले ऑपेरा विभाग ही संगीतिका वरचेवर करतात, कारण तिच्या भूमिका विशीतल्या आवाजांना सोयीच्या पडतात आणि साथीला एक चांगला पियानोवादक पुरतो.